वडील बहीण

मास्तरांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला तो बंद दाराआड नव्हे, तर भर सभेत, उभं राहून, हात जोडून आणि गोड हसून. वर त्या धोंड्याला टाळ्याही पडल्या.

झालं ते असं. मंडळीच्या चार वडिलांपैकी एक आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी कायमचे राहायला गेले आणि एक जागा रिकामी झाली. इथे वडील म्हणजे बाप नव्हे. चर्चमध्ये पाळकाच्या बरोबरीने मंडळी सांभाळणारी, आजाऱ्यांच्या घरी जाणारी, रुसलेल्यांना समजावणारी आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट बाकाबाकांवरून फिरवणारी जी माणसं असतात, त्यांना वडील म्हणतात. मंडळी त्यांना निवडते आणि मग एका रविवारी पाळक आणि बाकीचे वडील त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात.

ही जागा देवानं खास आपल्यासाठीच मोकळी केली आहे, याबद्दल मास्तरांना शंका नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक ऐन वेळी दाबायचा, हा त्यांचा धंदा. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या चुकीला आपला ब्रेक लावल्यामुळे त्यांची अशी समजूत झाली होती की, आपला पाय नसता तर हे जग केव्हाच खड्ड्यात गेलं असतं. चर्चमध्ये पाळकसाहेबांचं प्रवचन भरधाव सुटलं की बाकाखाली मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. पाळकसाहेब थांबायचे नाहीत ते सोडा.

तर अशा माणसाला वडील व्हायचे वेध लागले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! त्यांनी ट्रंकेतला काळा कोट काढून बायकोकडून बगलेत उसवून सैल करून घेतला. चालणं मंद केलं. हसताना किती दात दाखवावेत याचा आरशासमोर सराव केला. घरात बोलतानासुद्धा आवाजात घंटा वाजायला लागली. एकदा जेवताना ते डोळे अर्धवट मिटून म्हणाले, "जरा मीठ लाभेल का?"

"मीठच हवंय ना?" बायको म्हणाली. "की आशीर्वाद?"

या मंडळीत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण दहा आज्ञांपेक्षा कसोशीनं पाळली जायची. ज्याचं नाव निघेल त्यानं आधी "नको" म्हणायचं. मग लोकांनी आग्रह करायचा. त्यानं पुन्हा "नको" म्हणायचं, पण जरा खालच्या पट्टीत. तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून म्हणायचं, "जशी मंडळीची इच्छा." पहिल्याच फटक्यात "हो" म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदाही "नको" म्हणणारा माणूस खरंच नको म्हणतोय असं समजलं जायचं.

सभेच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं घडलं. थोरले वडील, म्हणजे वडिलांमधले सगळ्यांत वयस्कर, दोन्ही कानांत यंत्रं आणि त्यांतलं एक कायम शिट्टी वाजवणारं, ते उठले आणि म्हणाले, "मला वाटतं, आपले मास्तर..."

मास्तर तोपर्यंत उठून उभेच होते. पहिला "नको" त्यांनी घोटून घोटून तयार केला होता. नुसता "नको" कुणीही म्हणेल. त्यांना त्यात थोडी नम्रता, थोडा विनोद आणि घरच्या संस्कारांचा वास हवा होता. ते हात जोडून म्हणाले, "छे छे! मी कसला वडील? आमच्या घरात म्हणाल, तर वडील बहीणच!"

आपल्याकडे थोरल्या बहिणीला वडील बहीण म्हणतात. मास्तरांना म्हणायचं होतं ते इतकंच, की घरी माझं कोण ऐकतंय, ताईचाच शब्द चालतो. एवढं बोलून ते नजर खाली करून आग्रहाची वाट पाहत उभे राहिले.

आग्रह आला नाही. शिट्टी तेवढी ऐकू आली. मग थोरल्या वडिलांनी बाकावर थाप मारली.

"वडील, बहीणच! वा! अहो, हे आपल्याला इतके दिवस सुचलं कसं नाही?"

"नाही, म्हणजे मी..." मास्तर म्हणाले.

"खरंच की!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "माझ्या आईच्या आजारपणात रोज कोण यायचं? ताईच."

"आमचं भांडण कुणी मिटवलं? तुम्ही सगळे नुसते प्रार्थना करत होतात."

"भावानंच बहिणीचं नाव सुचवावं!" पाळकसाहेब उठून उभे राहिले. "किती मोठं मन! मंडळी, मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हातांचं रान उगवलं. मास्तरांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. तिचा हात सगळ्यांत उंच होता. नंतर तिनं खुलासा केला, "अहो, नवऱ्याच्या शब्दाला मान द्यायला नको?" सगळे आपल्याकडे कौतुकानं बघताहेत म्हटल्यावर मास्तरांनीही हात वर केला. सुचवणारानंच हात खाली ठेवला तर बरं दिसलं नसतं. बगलेत उसवलेला कोट त्या दिवशी कामाला आला. हात अगदी सहज वर गेला.

मग अडलं ते बाईला वडील म्हणायचं कसं यावर. "वडीलबाई" हा शब्द कुणीतरी काढला. तो कुठल्याशा वसतिगृहाच्या रेक्टरसारखा वाटला. थोरले वडील "वडिलीण" म्हणाले, त्याला त्यांचं स्वतःचं यंत्रसुद्धा किंचाळलं. शेवटी तो प्रश्न खुद्द ताईवर सोडायचं ठरलं. ताईला यातलं काही ठाऊकच नव्हतं. उपासना संपता संपता कुणाच्या तरी बॅगेची चेन तुटली होती, त्याला लगेच प्रवासाला निघायचं होतं, म्हणून ती त्याला घेऊन दुकान उघडायला गेली होती.

"तुम्हीच सुचवलंत," पाळकसाहेब मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ही आनंदाची बातमीही तुम्हीच सांगा."

*

ताईचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. एका बाजूला चाव्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये शिवणयंत्र, स्टूल आणि ताई. वरच्या दांडीला दुरुस्तीच्या पिशव्या, दप्तरं आणि सुटकेसा वटवाघळांसारख्या लटकलेल्या. फळीवर बिस्किटांचे जुने डबे. एकात चेनचे रनर, एकात बकलं, एकात हँडलं, आणि एकात खरीच बिस्किटं. हे दुकान त्यांच्या वडिलांचं, म्हणजे बापाचं. ते अचानक गेले तेव्हा ताईनं शाळा सोडली आणि स्टुलावर बसली. आई त्याआधीच गेली होती. मास्तर तेव्हा अर्ध्या चड्डीत होते आणि आपण अनाथ झालो हे कळायच्या आत त्यांना ताईनं अभ्यासाला बसवलं होतं.

ताईच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे ती बोलायची कमी आणि बोलली तरी दातांच्या फटीतून. मास्तर पोचले तेव्हा ती एका चेनच्या दात्यांवर मेणबत्ती घासत होती.

"ताई, एक बातमी आहे."

"हं."

"तू वडील झालीस."

ताईनं मेणबत्ती घासणं थांबवलं नाही. "मी तुझ्याहून नऊ वर्षांनी वडील आहेच. त्यात नवीन काय झालं?"

"तसं नव्हे गं! मंडळीची वडील. निवडून आलीस. एकमतानं."

आता मात्र मेणबत्ती थांबली. ताईनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि चुंबकाच्या बशीत टाकल्या. मास्तरांना लहानपणापासून ठाऊक होतं, टाचण्या निघाल्या की प्रकरण गंभीर.

"कुणी सुचवलं?"

"मी," मास्तर म्हणाले. मग तिची नजर बघून म्हणाले, "म्हणजे, तोंडातून निघून गेलं."

त्यांनी सगळा प्रसंग सांगितला. आपल्या फजितीची गोष्ट मास्तर फार रंगवून सांगत. दुसऱ्यांना हसायची संधी मिळण्याआधी आपणच हसून मोकळं व्हावं, हा त्यांचा जुना हिशेब. ताई हसली नाही.

"जगातल्या सगळ्या पिशव्यांना चेन लावत बसले," ती म्हणाली, "आणि तुझ्या तोंडाला लावायची तेवढी राहिली."

"मग काय सांगू त्यांना?"

"नाही म्हणून सांग."

मास्तरांच्या मनात चांदणं पडलं. तरी रीत म्हणून ते म्हणाले, "असं का गं? तुझ्याइतकं मंडळीसाठी कोण राबतं?"

"राबायचं काय, राबेन. पण वडिलांना आजाऱ्याच्या उशाशी बसून मोठ्यानं प्रार्थना करावी लागते. चारचौघांत माझे शब्द अडकतात. मनातल्या मनात सगळं येतं, पण तोंडापाशी आलं की चेन जाम होते. ते तुझं काम. तुला तर लाल सिग्नलवरसुद्धा प्रार्थना सुचते." तिनं पुन्हा टाचण्या ओठांत धरल्या. "नाही म्हणून सांग."

मास्तर शीळ घालत पाळकसाहेबांकडे गेले. दारापाशी शीळ बंद करून, चेहरा पाडून आत शिरले. पण पाळकसाहेब मुरलेले होते. ते म्हणाले, "हा पहिला नको झाला. रीतच आहे. दीक्षेला अजून अवकाश आहे. तोवर त्यांनी आजाऱ्यांच्या भेटी घेऊन बघाव्यात. उत्तर त्यांनी दीक्षेच्या वेळी, मंडळीसमोर द्यावं. तुमच्याकडे गाडी आहेच, मास्तर. तुम्हीच न्या. तुमच्या प्रार्थना ऐकून त्यांना धीर येईल."

मास्तर विचार करत बाहेर पडले. ताईला धीर येईल की असलेला सुटेल, हे प्रार्थनेच्या लांबीवर अवलंबून होतं. आणि लांबी त्यांच्या हातात होती.

*

पहिली भेट एका बस ड्रायव्हरकडे होती. पाय मोडून घरी पडलेला माणूस. त्याच्या बायकोनं नुकतंच वाफाळतं सूप आणून ठेवलं होतं. मास्तर काळ्या कोटात होते. त्यांनी डोळे मिटले, हात पसरले आणि प्रार्थना पहिल्या गिअरमध्ये टाकली.

सुरुवात त्यांनी जगाच्या निर्मितीपासून केली. प्रकाश झाला, अंधार वेगळा झाला, पशुपक्षी झाले. मग माणूस झाला. माणसाला देवानं दोन पाय दिले, इथे आजाऱ्याला वाटलं की आपला नंबर लागला, पण मास्तर पायांवरून पापाच्या वाटेकडे वळले, तिथून रुंद रस्ता आणि अरुंद दरवाजा, तिथून एकूणच रस्त्यांची अवस्था, आणि डावीकडून ओव्हरटेक करणाऱ्यांसाठी देवाकडे क्षमा मागू लागले. सुपावर साय धरू लागली. आजाऱ्याचा चमचा हवेत होता. खाली ठेवावा तर आवाज होईल, तोंडात घालावा तर पाप लागेल. मास्तरांनी एक डोळा किलकिला करून ताईकडे पाहिलं. ती चांगलीच अस्वस्थ दिसत होती. त्यांना हुरूप आला. त्यांनी श्वास घेतला.

त्या श्वासाच्या फटीत ताई म्हणाली, "आमेन."

"आमेन!" आजारी गरजला आणि चमचा तोंडात गेला.

"आमेन," त्याची बायको म्हणाली. ती खुर्चीवरून उठलीसुद्धा. मास्तर हात पसरून तसेच उभे. सगळ्या घरानं आमेन म्हटल्यावर एकट्यानं पुढे जायचं म्हणजे बंद फाटकात गाडी घालण्यासारखं.

खाली गाडीत बसल्यावर त्यांचा स्फोट झाला. "ताई, असं करतात का? मी अजून पेशंटपर्यंत पोचलोसुद्धा नव्हतो!"

"तेच. आणि सूप निवत होतं."

"म्हणून प्रार्थनेत ब्रेक मारायचा?"

"तू मारतोस की दिवसभर. मी कधी काही म्हटलं?"

मास्तरांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू करताना त्यांच्या ध्यानात आलं की, आयुष्यात पहिल्यांदाच जादा ब्रेक आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या पायाखाली होता आणि त्या सीटवर ताई बसली होती. ते अगदी सावकाश घरी गेले.

दुसरी भेट भूगोलाच्या बाईंची. या निवृत्त शिक्षिका. मास्तरांना त्यांनीच शिकवलेलं. आता अंथरुणाला खिळल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. भिंतीवर जगाचा नकाशा, कडा विरलेला. उशाशी औषधं आणि घंटी.

"ये रे," त्या मास्तरांना म्हणाल्या. "वाळवंट आणि पठार यांतला फरक आला का आता?"

मास्तरांनी घसा खाकरून हात पसरले.

"तू नको," बाई म्हणाल्या. "बस ड्रायव्हरच्या बायकोनं मला सगळं सांगितलंय. मला इतका वेळ नाही. तुझ्या बहिणीला करू दे."

मास्तर बाजूला सरले. ताई स्टूल ओढून बसली. बाईंचा हात हातात घेतला. डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली.

आणि पुढे काहीच नाही.

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. बाहेर कुणीतरी नळ बंद केला, तेही ऐकू आलं. ताईचे ओठ हलत होते; पण ओठांत टाचण्या नसूनही काही निघत नव्हतं. मास्तरांच्या तोंडात शब्दांची रांग लागली होती, पहिल्याला दुसरा ढकलत होता. त्यांचा पाय जमिनीवर दाबला जात होता, पण ब्रेक दाबायचा की ॲक्सिलरेटर, हे पायालाही कळत नव्हतं. ताईच्या कानशिलावरून घाम ओघळला. शेवटी तिनं डोळे उघडले, बाईंचा हात अलगद पांघरुणात ठेवला आणि "चुकलं माझं" असं काहीतरी पुटपुटून चपला घालायला बाहेर गेली.

मास्तर तिच्या मागोमाग निघणार, एवढ्यात बाईंनी घंटी वाजवली.

"पुढच्या वेळी हिलाच पाठव," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी कुणीतरी घाई न करता हात धरून बसलं. आणि तू गाडीत बसलास तरी चालेल."

हा निरोप होता. ताईसाठी होता. जिन्याच्या तोंडाशी ताई उभीच होती आणि निरोप द्यायला मास्तरांना एक वाक्य पुरलं असतं. पण ताई आधी बोलली.

"बघितलंस ना? माझ्यानं नाही व्हायचं. रविवारी सगळ्यांसमोर नाही म्हणते. मग तुझं नाव येईल."

मास्तरांनी निरोप गिळला. अर्धा गेला, अर्धा माशाच्या काट्यासारखा घशात राहिला.

*

शनिवारी दुपारी बायको काळ्या कोटाला इस्त्री करत होती. मास्तर खुर्चीत बसून उगाचच बुटाला पॉलिश करत होते. एकच बूट. तोच तो.

"वन्सं नाही म्हणणार म्हणे," बायको म्हणाली.

"असं ऐकतो."

"चांगलं ऐकता. आरशात बघा जरा. नाही त्या म्हणणार आहेत आणि उजेड तुमच्या तोंडावर पडलाय."

"मला काय? मंडळीची इच्छा."

"अहो, ती घंटा बंद करा. माझ्याशी साध्या आवाजात बोला."

मास्तर बूट ठेवून साध्या आवाजात म्हणाले, "मला व्हायचं होतं गं वडील. फार वाटत होतं. ताट घेऊन हळूहळू चालत यायचं, लोकांनी वर बघायचं... दुसऱ्यांच्या चुका सांभाळत आयुष्य गेलं. वाटलं, एकदा तरी स्टीअरिंग आपल्या हातात यावं."

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "वाटणं काही वाईट नाही. पण लहानपणची ती गोष्ट तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? शाळेची."

ती गोष्ट मास्तर खरंच हमखास सांगत. वर्गात काच फोडली म्हणून भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, उद्या वडिलांना घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ते ताईला घेऊन गेले. ताईच्या बोटांना मेण, कंबरेला दुकानाचा एप्रन. बाईंनी विचारलं, "वडील कुठे आहेत?" छोटे मास्तर छाती काढून म्हणाले, "हीच वडील." बाईंना वाटलं, पोरगं व्याकरणात कच्चं आहे.

या गोष्टीवर मास्तर दरवेळी स्वतःच आधी हसत. आज त्यांना हसू आलं नाही. त्यांनी दुसरा बूट घेतला.

*

रविवारी चर्च भरलं होतं. भूगोलाच्या बाई सोडून सगळे आले होते. ताई पुढे उभी होती, धुतलेल्या साध्या कपड्यांत, हात मागे बांधून. मास्तर पहिल्या बाकावर, कोटात, इस्त्रीत.

पाळकसाहेबांनी दीक्षेचा पहिला प्रश्न विचारला. विश्वास आहे का? ताईनं मान हलवली. दुसरा विचारला. मान हलली. मग तिसरा, ज्याला मान चालत नाही, आवाजच लागतो. "बहिणी, मंडळीनं तुला वडील म्हणून बोलावलं आहे. ही सेवा तू स्वीकारतेस का?"

ताईनं तोंड उघडलं. मास्तरांनी श्वास रोखला. एक "नाही" तर म्हणायचं होतं तिला. पण तोही शब्द अडकला. "नाही"ही निघेना आणि "हो"ही निघेना. ताई तशीच उभी राहिली, आणि तिच्या पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं मास्तरांना बाजूनं दिसत होती. मेण घासून घासून गुळगुळीत झालेली ती बोटं एकमेकांना पिळत होती. थोरल्या वडिलांचं यंत्र शिट्टी वाजवू लागलं.

मास्तर उठले. आपण का उठलो हे त्यांना उठल्यावर कळलं.

"पाळकसाहेब, माफ करा. माझ्याकडे एक निरोप राहून गेलाय."

"आत्ता?"

"ताईसाठी आहे. मी गिळून बसलो होतो." सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मास्तरांना फार दिवसांपासून हेच हवं होतं, फक्त अशा कारणानं नव्हे. "भूगोलाच्या बाईंचा निरोप. त्या म्हणाल्या, किती दिवसांनी कुणीतरी घाई न करता हात धरून बसलं. पुढच्या वेळी हिलाच पाठव." ते थांबले. इथे थांबलं तरी चाललं असतं. पण गोष्ट अर्धी सांगायची त्यांना सवय नव्हती. "आणि मला म्हणाल्या, तू गाडीत बसलास तरी चालेल."

आधी बस ड्रायव्हर हसला. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, तो बाकावर आडवा ठेवून तो गदागदा हसला. मग त्याची बायको. मग हसू मागच्या बाकांपर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. थोरल्या वडिलांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?" शेजाऱ्यानं ओरडून सांगितलं, तेव्हा ते एकटेच दुसऱ्यांदा हसले.

ताईनं भावाकडे पाहिलं. आधी रागानं. मग कोटाकडे पाहिलं, इस्त्रीच्या घडीकडे पाहिलं, आणि तिचं हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या हसण्यातच, मेण लावलेली चेन सुटावी तसा, शब्द सुटला.

"होय," ताई म्हणाली.

"देवाच्या साहाय्यानं," पाळकसाहेबांनी आठवण करून दिली.

"हो, त्याच्याशिवाय काय! या भावाच्या साहाय्यानं थोडंच होणार?"

ताईनं गुडघे टेकले. पाळकांनी आणि वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. थोरल्या वडिलांनी आपला हात सगळ्यांत शेवटी उचलला. "आता आपल्याला म्हणायचं काय?" त्यांनी वाकून विचारलं. "वडीलबाई? वडिलीण?"

"ताई," ताई म्हणाली. "इतके दिवस म्हणत होतात तेच."

नव्या वडिलांनी उपासनेची शेवटची प्रार्थना करायची अशी रीत होती. ताई उठली, तिनं बाकाचा कठडा घट्ट धरला आणि एका दमात म्हणाली, "देवा, आभार. आता सांभाळ. आमेन." मंडळीला डोळे मिटायला वेळ मिळाला नाही. पण त्या रविवारी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांना उपासनेनंतरचा चहा गरम मिळाला, आणि अशी आध्यात्मिक शांती आजवर कधी लाभली नव्हती असं दोघातिघांनी बोलून दाखवलं.

घरी जाताना ताई शेजारच्या सीटवर बसली होती, जादा ब्रेकच्या सीटवर. मागे बायको, मांडीवर काळा कोट. मास्तर गाडी चालवत होते आणि मधूनमधून हसत होते, कधी आपल्यावर, कधी असंच. घशातला काटा गेला होता. पण काटा गेला तरी माणूस मासे खायचं सोडत नाही. गल्लीच्या वळणावर त्यांच्यानं राहवेना.

"ताई, खरं सांग. थोरले वडील आता थकलेत. म्हणजे उद्या पुन्हा जागा निघाली, तर... मी होईन का गं कधी वडील?"

ताईनं वळण बघून पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"आधी नीट धाकटा हो."